तोटा कोणाच्या पदरात?

(परभणी येथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी,

२०२० च्या खरिपात बीड जिल्ह्यात पीक विमा योजना राबवायला एकही खाजगी कंपनी पुढे आली नाही. कारण सरळ होतं. आधीच्या वर्षांत दुष्काळ पडला, भरपाई जास्त द्यावी लागली, आणि बीडच्या पावसाची जोखीम घेणं कंपन्यांना परवडेना. ज्या जिल्ह्याला विम्याची सगळ्यात जास्त गरज, तिथूनच विमा कंपन्या उठून गेल्या. शेवटी भारतीय कृषी विमा कंपनी आली. ती सरकारी आहे. तिच्यासाठी एक सूत्र ठरलं, ज्याला पुढे 'बीड पॅटर्न' म्हणू लागले. शंभर रुपये हप्ता जमा झाला आणि भरपाई ऐंशीच्या आत राहिली, तर कंपनीनं जास्तीत जास्त वीस रुपये ठेवायचे, उरलेले राज्याला परत द्यायचे. भरपाई एकशे दहाच्या वर गेली, तर वरचा बोजा राज्यानं उचलायचा.

सरकारी सेवांच्या खाजगीकरणाबद्दल आज मी जे बोलणार आहे त्याचं मर्म या सूत्रात आहे. नफ्याला मर्यादा घातली आणि मोठ्या तोट्याला सरकार उभं राहिलं, तेव्हा कुठे बीडला विमा मिळाला. शेतकऱ्याची तक्रार तिथेही राहिलीच. पंचनाम्याची, बहात्तर तासांत नुकसान कळवण्याच्या अटीची, आणि उरलेला हप्ता राज्याकडे गेला पण माझ्या खात्यात काय आलं, याची. ती तक्रार खरी आहे. पण ती करायला समोर कोणीतरी होतं. कंपनीच नसती तर तक्रार कोणाकडे केली असती?

खाजगीकरणाची चर्चा बहुतेक मुंबई-पुण्याच्या नजरेतून होते. तिथे एक कंपनी नको वाटली तर दुसरी आहे, एक दवाखाना महाग वाटला तर पुढच्या चौकात दुसरा आहे. सेलू, जिंतूर, किनवट, भूम इथे तशी निवड नाही. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि महाराष्ट्रात आला तोच मागे राहून आला. १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालानं 'अनुशेष', म्हणजे विकासात मागे राहिलेली तूट, मोजली, १९९४ साली वैधानिक विकास मंडळं आली, २०१३ मध्ये केळकर समितीनं पुन्हा तोच विषय मांडला, आणि एप्रिल २०२० मध्ये मंडळांची मुदत संपली. या सगळ्या कागदांचा अर्थ एवढाच की रस्ते, सिंचन, दवाखाने, शाळा इथे आपोआप येत नाहीत, कोणीतरी ठरवून आणाव्या लागतात. ठरवून आणणारा तो कोणीतरी म्हणजे सरकार, दुसरा कोणी नाही.

आता आपल्या भागात जे प्रयोग झाले त्यांच्याकडे बघू. वाद पुस्तकातून करण्यापेक्षा हा अनुभव जास्त सांगतो.

लातूरचं पाणी २००८ मध्ये दहा वर्षांच्या करारानं खाजगी व्यवस्थापनाकडे दिलं गेलं. मीटर आणि दर यांवरून लोक रस्त्यावर आले. करार मुदतीपर्यंत टिकला नाही. पुढे २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडं पडलं आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत दहा टाक्या होत्या, पाच लाख लिटर पाणी. ती रेल्वे सरकारी, पाणी भरून देणारी यंत्रणा सरकारी, स्टेशनवरून उतरवून घेणारी यंत्रणाही सरकारी. त्याच काळात गावोगाव खाजगी टँकर फिरत होते आणि त्यांचा भाव उन्हाबरोबर चढत होता. टँकरवाल्याला मी दोष देत नाही, तो धंदा करतो. पण ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्या दारात तो थांबत नाही, आणि त्यानं थांबावं असा कायदाही नाही.

छत्रपती संभाजीनगरची समांतर जलवाहिनी तर आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडली. पैठणचं जायकवाडी धरण शहरापासून पन्नास किलोमीटरच्या आत. २०११ मध्ये खाजगी भागीदारीचा करार झाला, प्रकल्प सुमारे ७९२ कोटींचा. सप्टेंबर २०१४ मध्ये शहराचा पाणीपुरवठा कंपनीच्या ताब्यात गेला. २०१६ मध्ये महापालिकेनं करार रद्द केला. जलवाहिनी झालीच नव्हती. मग प्रकरण लवादात, न्यायालयात. पुढे राज्य सरकारच्या पैशातून नवी योजना आली, १६८० कोटींची. ती वाढत २७४० कोटींवर गेली, आणि काम पुढे सरकावं म्हणून उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला लक्ष घालावं लागलं. या सगळ्या वर्षांत शहरातली माणसं काय करत होती? आठ-आठ दिवसांनी येणारं पाणी भरून ठेवत होती. अंगणात सिमेंटच्या टाक्या, गच्चीवर प्लास्टिकच्या टाक्या, मोरीत पिंप. साठवण्याचा हा खर्च कोणत्याही करारात लिहिलेला नसतो. तो बाईच्या झोपेतून आणि घरच्या पैशातून जातो.

विजेचंही तसंच झालं. मे २०११ मध्ये औरंगाबाद शहराचं वीज वितरण फ्रँचायझीला, म्हणजे वीजवाटप आणि वसुली चालवणाऱ्या खाजगी कंपनीला, दिलं आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये थकबाकीच्या वादात ते महावितरणनं परत घेतलं. परत घेताना तारा, डीपी (रोहित्रं), माणसं आणि बुडीत बाकी, सगळं महावितरणच्याच पदरात आलं.

इथे कोणी भिवंडीचं नाव घेईल, आणि घेतलंच पाहिजे. भिवंडीत जानेवारी २००७ पासून खाजगी फ्रँचायझी आहे. तिथे अर्ध्याहून अधिक असलेली वीजगळती काही वर्षांत वीस टक्क्यांच्या आसपास आली. हे काम झालं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण भिवंडी म्हणजे दाट वस्ती आणि रात्रंदिवस चालणारे यंत्रमाग. थोड्या किलोमीटर तारेवर भरपूर वीज विकली जाते आणि गळती थांबली की पैसा लगेच दिसतो. आपल्याकडे एका डीपीवर पाच-दहा शेतीपंप, मध्ये दोन-दोन किलोमीटर तार, वर्षातले चार महिने वापर, आणि २०२४ पर्यंत तरी बिलाची वसुली पावसावर. डीपी जळाली की शेतकरी वर्गणी करून ट्रॅक्टरवर घालून ती दुरुस्तीला नेतात, हे या सभागृहातल्या अर्ध्या लोकांनी केलेलं काम आहे. अशा तारेवर नफा नाही. कंपनी आलीच तर शहरातलं गिऱ्हाईक घेईल आणि शिवारातली तार महावितरणकडे ठेवील. मग आज शहरातल्या आणि उद्योगांच्या बिलातून शेतीची वीज स्वस्त राहते, तो आधारच तुटेल.

हाच विचार एसटीला लावून बघा. हैदराबाद संस्थानात निजामाच्या रेल्वेनं जून १९३२ मध्ये २७ बसगाड्यांवर रस्ते वाहतूक सुरू केली. राजेशाहीलासुद्धा कळलं होतं की प्रवासी वाहतूक राज्यानं चालवावी लागते. आज गावात संध्याकाळी मुक्कामी गाडी येते, चालक-वाहक तिथेच झोपतात, आणि सकाळी पहिल्या फेरीत शाळा-कॉलेजच्या मुली तालुक्याला जातात. ती फेरी तोट्यात आहे. पण त्या फेरीमुळे दहावीनंतर शिकलेल्या मुलींची किंमत कोणत्या रकान्यात मांडायची? २०२१ च्या दिवाळीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप चालला. त्या महिन्यांत काळी-पिवळीवाल्यांनी लोकांना नेलं, हे खरं. पण पासवर जाणारी मुलगी जीपमध्ये कशी जाणार? रोज रोख भाडं कुठून आणणार? कित्येक घरांनी मुलींचं कॉलेज थांबवलं. एसटी कर्मचाऱ्यांच्या मागण्यांबद्दल तुमचं-माझं मत वेगळं असू शकतं. बस नसली की आधी कोण घरी बसतं, याबद्दल मात्र दुमत नाही.

आता सगळ्यात कठीण भाग. आरोग्य.

सरकारी दवाखान्याची बाजू मी इथे डोळे झाकून घेणार नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण गेले, त्यात बारा नवजात बाळं होती. औषध खरेदी रखडल्याचं, पदं रिकामी असल्याचं तेव्हा सगळीकडे बोललं गेलं. त्या आया-बापांसमोर 'सरकारी सेवा टिकली पाहिजे' असं नुसतं म्हणणं मला जमणार नाही. टिकली पाहिजे म्हणजे तिथे परिचारिका असली पाहिजे, इन्क्युबेटर चालू असलं पाहिजे, औषध बाहेरून आणायची चिठ्ठी हातात पडता कामा नये. प्रशासनानं असंही सांगितलं की अनेक रुग्ण खाजगी दवाखान्यांतून शेवटच्या अवस्थेत आले होते. यातून जबाबदारी कमी होत नाही. पण आपली व्यवस्था कशी चालते ते यात दिसतं. पैसे आहेत तोवर पेशंट तिकडे, आणि पैसे संपले किंवा आशा संपली की नांदेडच्या, संभाजीनगरच्या घाटीच्या, अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयात.

दुसरी बाजू, खाजगी दवाखान्यांची, बीडमध्ये दिसते. ऊसतोड कामगार बायकांची पाहणी २०१९ मध्ये झाली. ८२,३०९ बायकांमध्ये १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. साधारण सहांत एक. यातल्या बहुतेक शस्त्रक्रिया खाजगी दवाखान्यांत झाल्या होत्या. पाळीच्या त्रासामुळे कामावर खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, आणि डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन बाई ऑपरेशन करते आणि तीच उचल फेडायला पुन्हा फडावर जाते. गावाजवळच्या आरोग्य केंद्रात तिला नीट तपासणारी, 'बाई, गोळ्यांनी बरं होईल' असं सांगणारी एक डॉक्टर असती तर यातल्या किती जणी वाचल्या असत्या? बाजाराला दोष देऊन मी थांबत नाही. सरकारनं जी जागा रिकामी सोडली, तिथे बाजार शिरला.

म्हणून माझा राग रिकाम्या पदांवर जास्त आहे. खाजगीकरण दर वेळी निविदा काढूनच होतं असं नाही. डॉक्टर निवृत्त झाला, जागा भरली नाही. लाईनमन गेला, त्याच्या जागी एजन्सीचा पोरगा आला, तोही अकरा महिन्यांसाठी. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारी कामांसाठी नऊ एजन्सींकडून कंत्राटी माणसं घेण्याचा शासन निर्णय निघाला. मुलांनी विरोध केला आणि ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. तो निर्णय गेला, पण पद्धत गेली नाही. सेवा आधी उपाशी ठेवायची, ती वाईट झाली की लोकांनीच 'यापेक्षा खाजगी बरं' म्हणायचं, आणि मग त्या म्हणण्याचा दाखला देऊन ती विकायची. हे मला मान्य नाही.

सरकारनं सगळं स्वतःच्या हातानं करावं असं माझं म्हणणं नाही. पाइप टाकायला ठेकेदार लागतो, बस बनवायला कारखाना लागतो. काम बाहेर द्या. पण नळ चालू-बंद करण्याचा अधिकार, दर ठरवण्याचा अधिकार आणि 'या वस्तीला नाही देणार' म्हणण्याचा अधिकार बाहेर देऊ नका. कंपनीला तोटा झाला की ती करार सोडून जाऊ शकते. गावाला कुठे जाता येत नाही.

आता जे करायचं आहे ते जवळचंच आहे. जलजीवन मिशनच्या योजना गावोगाव झाल्या, काही अर्धवट आहेत, आणि त्या ग्रामपंचायतीकडे हस्तांतरित होत आहेत. हस्तांतराच्या आधी ग्रामसभेत विचारा: टाकीत पाणी चढतं का, शेवटच्या गल्लीत येतं का, मोटर जळाली तर दुरुस्तीचा पैसा कोणत्या खात्यातून, आणि ठेकेदाराची जबाबदारी किती वर्षं? उत्तर तोंडी घेऊ नका, ठरावात लिहून घ्या. शहरातल्यांनी पाणी, कचरा, बस यांचे करार मागा. माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम ४ प्रमाणे अशी माहिती कार्यालयानं कोणी न मागता स्वतःहून प्रसिद्ध करायची असते. करार हातात आला की शेवटची पानं आधी वाचा. करार मोडला तर कोणी कोणाला किती द्यायचं, ते बहुधा तिथे लिहिलेलं असतं. ज्यांना वाचताना अडचण येईल त्यांनी ते कागद घेऊन इथे या, वाचनालयात आपण बसून वाचू.