चेंडू पायात असूनही

(फुटबॉलप्रेमींसमोर कोल्हापुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

२३ ऑगस्ट २०१४. जर्मन लीगचा, म्हणजे बुंडेसलिगाचा, नवा मोसम, बोरुसिया डॉर्टमुंड या क्लबचा घरच्या मैदानावरचा पहिला सामना. ऐंशी हजारांचं स्टेडियम. लोक नीट टेकले असतील-नसतील, तोवर लेव्हरकुसेनचा करीम बेलाराबी गोल करून मोकळा झाला होता. नऊ सेकंद! बुंडेसलिगात त्या दिवसापर्यंत इतका झटपट गोल कुणी केला नव्हता. डॉर्टमुंड तो सामना ०-२ हरलं. तेव्हा सगळे म्हणाले, अपघात आहे, होतं असं कधीकधी.

अपघात नव्हता तो. नाताळच्या सुट्टीपर्यंत सतरा सामने झाले, त्यातले दहा डॉर्टमुंड हरलं होतं. चार जिंकले, तीन बरोबरीत. गुण पंधरा, क्रमांक अठरा संघांत सतरावा. तिथे शेवटचे दोन संघ थेट खालच्या श्रेणीत जातात. आणि हा कुठला संघ? २०११ आणि २०१२ चा लीग विजेता, २०१३ मध्ये वेम्बलीवर चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेची, फायनल खेळलेला, आणि आदल्याच मोसमात ७१ गुण घेऊन दुसरा आलेला. प्रशिक्षक तेच, युर्गेन क्लॉप.

आता कारणं सांगायला गेलं तर ढीगभर सापडतात. स्ट्रायकर लेवांडोव्स्की त्या उन्हाळ्यात बायर्न म्युनिकला गेला, तोही फुकट, कारण करारच संपला होता. आदल्या मोसमात वीस गोल करून लीगमध्ये पहिला आलेला माणूस! त्याच्या आदल्या वर्षी गोट्झे बायर्नलाच गेला होता. लेवांडोव्स्कीच्या जागी चिरो इमोबिले आला. इटलीत तोरिनोकडून बावीस गोल ठोकून आला होता, इथे लीगमध्ये तीन. रॉइस वर्ल्ड कपला निघायच्या आदल्या दिवशी सराव सामन्यात घोटा मोडून बसला, सप्टेंबरमध्ये परत दुखावला, नोव्हेंबरमध्ये पाडरबॉर्नला पुन्हा. गुंडोगान पाठीच्या दुखण्यानं वर्षभराहून जास्त बाहेर होता. हुमेल्स, वाइडनफेलर वगैरे मंडळी ब्राझीलहून वर्ल्ड कप जिंकून आली. सरावाला वेळ मिळाला नाही.

हे सगळं खरं आहे. पण एवढ्यावर माझं समाधान होत नाही. कारण याच दुखापतग्रस्त, थकलेल्या संघानं त्याच चार महिन्यांत चॅम्पियन्स लीगमध्ये इंग्लंडच्या आर्सेनलला २-० हरवलं, तुर्कस्तानच्या गालातासारायला चार-चार गोल दोनदा मारले, आणि तेरा गुण घेऊन गटात पहिला क्रमांक मिळवला. मंगळवार-बुधवारी युरोपात वाघ, शनिवारी घरच्या लीगमध्ये शेळी. पाय तेच, फुप्फुसं तीच. मग?

तर माझं म्हणणं असं. क्लॉपचा खेळ कशावर उभा होता? चेंडू गेला रे गेला की मागे पळायचं नाही. तिथंच तीन-चार जणांनी तुटून पडायचं. समोरचा संघ चेंडू मिळाल्याच्या आनंदात पसरलेला असतो, त्याच क्षणी तो हिसकायचा, आणि सहा-सात सेकंदांत गोलपाशी. जर्मनीत त्याला गेगनप्रेसिंग म्हणतात. पण हा डाव चालायला समोरच्यानं चेंडू घेऊन खेळायला हवं. चोरायला आधी कुणाच्या तरी खिशात काहीतरी पाहिजे ना!

आर्सेनल, गालातासाराय खेळायला पुढे यायचे. त्यांच्याकडून चोरता यायचं. पण माइन्झ, हॅम्बुर्ग, कोलोन, हनोव्हर या जर्मन संघांना मार खाऊन शहाणपण आलं होतं. ते म्हणाले, घ्या, चेंडू तुम्हीच ठेवा. मधल्या फळीत जोखमीचा पास द्यायचाच नाही, लांब मारायचा आणि आपल्या डी-पाशी नऊ जण रचून बसायचं. माइन्झकडून ०-२, हॅम्बुर्गकडून ०-१, कोलोनकडून १-२, हनोव्हरकडून ०-१. डॉर्टमुंडच्या पायात चेंडू आहे आणि त्याचं काय करायचं ते कुणाला सुचत नाही. अशा भिंतीपुढे एकट्यानं चेंडू अडवून धरणारा, पाठ गोलकडे ठेवून वळणारा माणूस लागतो. तो म्युनिकला जाऊन बसला होता. लेवांडोव्स्की गेला म्हणजे वीस गोल गेले एवढंच आपण मोजतो; खरं तर संघाची दुसरी भाषाच गेली.

डॉर्टमुंडला जिंकून द्यायला कोण आलं बघा. नोव्हेंबरमध्ये ग्लाडबाखविरुद्ध सामना १-० जिंकला. गोल कुणाचा? ग्लाडबाखच्याच ख्रिस्टोफ क्रामरचा. चाळीस-एक मीटरवरून आपल्याच गोलकीपरच्या डोक्यावरून! पुढे आलेल्या कीपरला बॅकपास द्यायला गेला, झालं भलतंच.

४ फेब्रुवारी २०१५. घरच्या मैदानावर आउगस्बुर्ग. पाहुणे एका गोलनं पुढे, आणि त्यांचा एक खेळाडू लाल कार्ड घेऊन बाहेर. शेवटची पंचवीस मिनिटं दहा जणांविरुद्ध अकरा, आणि तरीही डॉर्टमुंडला गोल होत नाही. दहा जणांनी तर आणखीच मागे बसायचं ठरवलं, म्हणजे दुखणं होतं तेच वाढलं. संपलं तेव्हा डॉर्टमुंड अठरावं, तळाला.

त्या स्टेडियमचा दक्षिण स्टँड म्हणजे पंचवीस हजार माणसं उभी, सगळं पिवळं. त्या रात्री शिट्ट्यांचा कल्लोळ. खेळाडू बोगद्यात पळाले असते तर कुणी दोष दिला नसता. पण गोलकीपर वाइडनफेलर आणि कर्णधार हुमेल्स त्या स्टँडकडे गेले, जाळीवर चढले आणि चिडलेल्या माणसांशी समोरासमोर बोलले. तुम्हाला हे दृश्य मी समजावून सांगायची गरज नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील किंवा शिवाजी तरुण मंडळ हरल्यावर पेठेत शिरताना पोरांना काय वाटतं, हे इथल्या निम्म्या सभागृहाला ठाऊक आहे.

क्लबनं क्लॉपला काढलं नाही. याचं फार कौतुक होतं. मी जरा हात राखून करतो. निष्ठा होतीच, पण आठवणही होती. हा क्लब २००० साली शेअर बाजारात उतरला, पैसा उधळला, आणि २००५ च्या मार्चमध्ये दिवाळखोरीच्या दारात उभा होता. गुंतवणूकदारांच्या एका सभेवर सगळं अवलंबून होतं. ज्यांनी ते पाहिलं त्यांना सतराव्या क्रमांकाची भीती वाटली तरी ती बेताचीच. हेही म्हणायला हवं की सात वर्षं एकच गोष्ट ओरडून सांगणारा प्रशिक्षक शेवटी खेळाडूंना ऐकू येईनासा होतो. १५ एप्रिलला क्लॉपनं स्वतःच जातो म्हणून सांगितलं. माझ्या मते वर्षभर उशीर झाला होता.

फेब्रुवारीनंतर संघ सावरला. ओळीनं चार सामने जिंकले, त्यातला चौथा शाल्केविरुद्ध ३-० (त्यात ओबामेयांग आणि रॉइस बॅटमन-रॉबिनचे मुखवटे घालून नाचले, ते वेगळंच). दुसऱ्या टप्प्यात एकतीस गुण, अखेर ४६ गुणांनिशी सातवे. जर्मन कपच्या उपांत्य फेरीत तर बायर्नला पेनल्टीवर घालवलं. बायर्नच्या चारही पेनल्टी वाया गेल्या, लाम आणि आलोन्सो तर घसरूनच पडले.

फायनल ३० मेला बर्लिनमध्ये, वुल्फ्सबुर्गविरुद्ध. पाचव्या मिनिटाला ओबामेयांगचा गोल, डॉर्टमुंड पुढे. आणि मध्यंतराच्या आत १-३. शेवटही तिथेच झाला. उत्तरार्धात चेंडू डॉर्टमुंडकडे, गोल नाही.

क्लॉपच्या जागी टॉमास टुखेल आला. हुमेल्स, गुंडोगान, कागावा, रॉइस, मखितारियान, ओबामेयांग, माणसं बहुतेक तीच. त्यानं त्यांना चेंडू पायात घेऊन खेळायला शिकवलं. पुढच्या मोसमात डॉर्टमुंड ७८ गुणांसह दुसरं आलं. मखितारियानचे आदल्या वर्षी लीगमध्ये तीन गोल होते. या वर्षी अकरा झाले.