खाडा

श्रोतेहो, नमस्कार.

येत्या ३१ मेला मी सेवानिवृत्त होते आहे. बालाघाटाच्या डोंगरातल्या एका जिल्हा परिषद शाळेची मी मुख्याध्यापिका. त्याच दिवशी राज्यातले कितीतरी शिक्षक घरी जाणार आहेत आणि त्यामागचं कारण मजेशीर आहे. आमच्या पिढीत ज्याला त्याला विचारा, वाढदिवस १ जून. पूर्वी शाळा जूनमध्ये उघडली की गुरुजी गावात फिरून लेकरं गोळा करायचे. जन्माचा कागद कुणाकडेच नसायचा. मग उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान पकडायला लावायचे. कान हाताला लागला की लेकरू सहा वर्षांचं! मागे सहा वर्षं मोजायची आणि लिहायचं, १ जून. माझीही तशीच लिहिली, १ जून १९६८. आई म्हणायची, "तू झालीस तवा बाजरी खुडायला आलती." बाजरी खुडतात दसऱ्याच्या आगेमागे. म्हणजे खरं तर अजून चार महिने नोकरी माझ्या हक्काची आहे. पण शासनाला बाजरीचं काय सांगणार? ५८ वर्षं कागदावर भरली, चला घरी.

१ मेला झेंडावंदन झालं, निकाल वाटले आणि त्यानंतर गावानं माझा निरोप समारंभ केला. शाल दिली, श्रीफळ दिलं, बायकांनी ओटी भरली. सरपंच बोलले, माजी विद्यार्थी बोलले. माझी पाळी आली तेव्हा माईकपुढे उभी राहिले आणि "सगळ्यांना नमस्कार" म्हणून खाली बसले. ३६ वर्षं वर्गात अखंड बडबड करणारी बाई! गावाला वाटलं, बाईंना भरून आलं. तसं काही नव्हतं. जे बोलायचं होतं ते हारतुऱ्यांमध्ये बोलण्यासारखं नव्हतं, एवढंच. म्हणून आज लिहून आणलंय. गावात रेडिओ लावून बसलेल्यांनी ऐकावं.

आमच्याकडे निरोपाची वेळ खरं तर मे महिन्यात येत नाही. ती येते दिवाळीच्या आगेमागे. दसरा झाला की ऊसतोडीचा मुकादम उचल, म्हणजे हंगामाचे आगाऊ पैसे, वाटतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी उचल ठरते. मग एका रात्री देवळापुढे ट्रक लागतो. भांडी, अंथरुणं, ज्वारीचं पोतं, पत्र्याची पेटी, दोऱ्यानं पाय बांधलेल्या कोंबड्या, एखादी शेळी. सगळ्यात वर, गोधड्यांच्या ढिगावर, माझी पहिली ते पाचवी. कुणी सांगलीला, कुणी कोल्हापूरला, कुणी सोलापूरला, कुणी पार कर्नाटकात बेळगावकडे. सकाळी शाळेची घंटा वाजते आणि वर्गात अर्धी पोरं.

आता एक गंमत बघा. संचमान्यतेसाठी, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे हे ठरवण्यासाठी, पट धरतात तो ३० सप्टेंबरचा. त्या तारखेला माझी शाळा गच्च भरलेली असते. महिन्या-दीड महिन्यानं येऊन बघा. कागदावरची शाळा आणि बाकांवरची शाळा, दोन्ही मीच चालवत आले. एका बैठकीत एका साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, "बाई, तुमच्या शाळेला गळती का लागते?" मी म्हटलं, "साहेब, तुमच्या चहातली साखर कुठून येते?" तेव्हा तरुण होते म्हणून बोलले. त्याची किंमत पुढच्या बदलीत मोजली. असो.

'खाडा' हा शब्द आमच्या गावात दोन ठिकाणी चालतो. शाळेच्या हजेरीत लेकराचा खाडा पडतो. उसाच्या फडावर आई आजारी पडली, कामाला आली नाही, तर तिचाही खाडा पडतो आणि तिथे त्याचे पैसे कापले जातात. पोर घरी तापानं फणफणलंय आणि आई कोयता घेऊन फडात, हे त्या पैशांपायी. त्यांना येऊन आपण सांगतो, मुलांचे खाडे पाडू नका. मीही सांगितलं आहे, वर्षानुवर्षं, आवाज चढवून. एकदा एक बाप शांतपणे म्हणाला, "बाई, लेकराला मागं ठिवतो. तुमी बघता का त्याला सा महिने?" मी गप्प.

आता मूळ गोष्टीकडे येते.

१९९० साली मी नोकरीला लागले. दोन खोल्या, दोन शिक्षक. खडू-फळा मोहिमेत आलेली एक लोखंडी पेटी आणि तिच्यावर बसलेली मी. नवीन होते, नियमांची भारी हौस. चौथं-पाचवं वर्ष असेल. तिसरीतली एक मुलगी दिवाळीपासून आली नव्हती. महिन्यामागून महिना तिच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा. शाळा तपासणी जवळ आली होती आणि हजेरीची टक्केवारी त्या एका ओळीनं खाली खेचली जात होती. एकटी तीच नव्हती, तिच्यासारखी आणखी सात होती. मी लाल शाई घेतली, पट्टी घेतली आणि ओळ मारली. शेरा लिहिला, 'सतत गैरहजर, नाव कमी.' पट्टीनं मारली म्हणून रेघ अगदी सरळ आली, हे मला अजून आठवतं.

चैत्रात ती आली. केस उन्हानं पिंगट झालेले, हातांवर उसाच्या पात्याचे चरे. जागेवर जाऊन बसली. मी हजेरी घेतली. एक एक नाव पुढे जात होतं आणि ती "हजर बाई" म्हणायला मान वर करून बसली होती. तिच्या आधीचं नाव झालं, तिच्या नंतरचं झालं. शेवटचं नावही झालं. मी हजेरी मिटली. ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी धाकट्या भावाला कडेवर घेऊन दारापाशी बसली. तिसऱ्या दिवसापासून आलीच नाही. मी काही तिला हाकललं नव्हतं. दाखल करून घ्यायला अर्ज लागतो, पालकांना घेऊन ये, असं तिला सांगणार होते. सांगायचं राहिलं. मग सुट्टी लागली.

पंधरा-सोळा वर्षांनी त्याच शाळेत एक बाई लेकीचं नाव घालायला आली. मी अर्ज भरत होते. आईचं शिक्षण, असा एक रकाना असतो. विचारलं. ती म्हणाली, "तिसरी." मी लिहायला लागले तशी थांबवून म्हणाली, "तिसरी नापास नका लिहू, बाई. नापास न्हाई झाले मी. नाव कापलं व्हतं."

ओळखलं मी तिला. तिनं तर येतानाच ओळखलं असणार. तिच्या बोलण्यात राग नव्हता. लिहिताना चूक होऊ नये, एवढंच ती बघत होती. मी तिच्या लेकीचं नाव लिहिलं. जन्मतारीख ग्रामपंचायतीच्या दाखल्याप्रमाणे, खरीखुरी. पेन थोडं थरथरलं असेल. माफी मात्र मी मागितली नाही. मागायला हवी होती. ताई, तू आज ऐकत असशील तर आता मागते.

तेव्हापासून मी ठरवलं, नाव कमी करायचं नाही. योगायोगानं कायदाही आमच्या बाजूनं आला. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही आणि लेकरू आलं की त्याच्या वयाप्रमाणे वर्गात बसवायचं. पूर्वी काही साखर कारखान्यांवर या लेकरांसाठी साखरशाळा चालायच्या. कायद्यानंतर धोरण बदललं, मुलांना जवळच्या नियमित शाळेतच घालायचं ठरलं. गावात हंगामी वसतिगृहं आली. नाव वसतिगृह, पण बहुतेक लेकरं आजीकडेच राहतात आणि त्यांच्या जेवणाची सोय होते. म्हातारीला चुलीपुढे बसवत नाही, तिला तेवढाच आधार. ही योजना कधी वेळेवर सुरू होते, कधी ट्रक गेल्यावर महिन्यानं. ट्रक काही मंजुरीची वाट बघत नाही.

म्हणून गावातल्या आयाबापांना माझं सांगणं. जाताना लेकराला आजीपाशी ठेवता आलं तर ठेवा. नाहीच जमलं तर शाळेत येऊन शिक्षण हमी पत्रक घेऊन जा. त्यावर लेकरू कितवीत आहे, त्याला काय येतं, ते लिहिलेलं असतं. कारखान्याच्या जवळच्या शाळेत ते दाखवा. टी. सी. मागितली तर सांगा, आमचं नाव आमच्या शाळेत आहे, लेकराला नुसतं बसू द्या. मुकादम मंडळींनाही सांगते, तुमच्यातले निम्मे माझ्याच हाताखालून गेलेत. टोळी उतरवताना पाण्याचा नळ कुठे आहे ते विचारता ना, तशी शाळा कुठे आहे तेही विचारा.

जाऊन आलेली लेकरं रिकाम्या हातानं येत नाहीत, हेही सांगायला हवं. बेळगावकडून आलेला दुसरीतला एक जण पाढे साफ विसरला होता. मी म्हटलं, निदान दहापर्यंत अंक तरी म्हण. त्यानं सुरू केलं, "ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु..." सगळा वर्ग अवाक. कुणी शिकवलं? तर फडाजवळच्या किराणा दुकानदारानं. आठवडाभर माझा वर्ग कानडीत अंक म्हणत होता. मधल्या सुट्टीत खिचडीच्या रांगेतसुद्धा ओंदु, एरडु! त्या लेकराच्या मूल्यमापनाच्या कागदावर मात्र गणिताखाली लिहायला लागलं, 'सुधारणा आवश्यक'. हे असं असतं बघा.

टाळेबंदीचं साल मी विसरणार नाही. मार्च २०२० मध्ये सगळं जिथल्या तिथे थांबलं आणि आमची माणसं कारखान्यांवर अडकली. एप्रिलमध्ये परवानगी मिळाल्यावर गाड्या परत यायला लागल्या आणि त्यांना गावाबाहेर, आमच्याच शाळेत ठेवलं. गावात भीती होती, लोक फाटकापाशीही येत नव्हते. माझी पोरं चौदा दिवस शाळेतच राहिली, झोपली, उठली. दुरून बघायला गेले तर एका पोरानं खिडकीतून ओरडून सांगितलं, "बाई, सुट्टीत पण आमी हजर!"

आणि २०२१-२२ चा तो हंगाम. ऊस इतका, की जून उजाडला तरी गाळप संपेना. आमच्या शाळेत नवीन वर्षाची तयारी चाललेली आणि मागच्या वर्षाची पोरं अजून फडातच. त्या काळात फोनचा उपयोग झाला. एक आजी रोज संध्याकाळी नातवाला घेऊन माझ्या खोलीवर यायची. मी त्याच्या आईला फोन लावायची आणि तो पुस्तकातलं अर्धं पान वाचून दाखवायचा. पलीकडे ट्रॅक्टरची घरघर, कुणीतरी मोळ्या मोजत असलेलं. त्यातून आईचा आवाज यायचा, "पुढं वाच की." तिला स्वतःला वाचता येत नव्हतं. पण तो अडखळला की तिला कळायचं. एखाद्या दिवशी तो चुकून ओळ सोडायचा, तर म्हणायची, "मधलं काय गिळलंस रे?"

आता माझ्या जागेवर जे येतील त्यांच्याशी थोडं. कोण येणार मला माहीत नाही, बदल्यांची यादी अजून लागायची आहे. सर असोत की मॅडम, पहिल्या वर्षी तुम्हाला नोव्हेंबरचा वर्ग बघून धक्का बसेल. ऑनलाइन माहिती भरताना ही मुलं अडचणीची वाटतील. कुणी तरी सल्ला देईल, कशाला टक्केवारी बिघडवता, टाका काढून. माझ्या टेबलाच्या खणात एक लाल पेन आहे. शाई भरलेली आहे. पेपर तपासायला वापरा.

परवापासून मी चार्जची यादी करते आहे. पदभार सोपवताना एक एक वस्तू मोजून द्यावी लागते. कपाटं दोन, चाव्या चार, त्यातली एक कशाची ते मला ३६ वर्षांच्या अनुभवानंतरही सांगता येणार नाही. जनरल रजिस्टरं तीन, सगळ्यात जुनं वाळवीनं कडेला खाल्लेलं. नकाशे पाच. पृथ्वीगोल एक, आसावरून निखळलेला. घंटा एक. जेवणाची ताटं नव्वद, मोजली तर भरली एकोणनव्वद.

ते नव्वदावं ताट कुठे आहे ते मला ठाऊक आहे. चौथीतली एक मुलगी दिवाळीत ट्रकवर चढताना ते गोधडीत गुंडाळून घेऊन गेली. मी बघितलं होतं, बोलले नाही. तिची टोळी कारखाना बंद झाल्यावर परस्पर वीटभट्टीवर गेली आहे, पाऊस पडेपर्यंत यायची नाही. सोबतचे शिक्षक म्हणाले, 'गहाळ' लिहा, पन्नास-साठ रुपयांचं ताट. मी तसं लिहिलं नाही. यादीत ताटं नव्वदच लिहिली आहेत आणि शेऱ्याच्या रकान्यात, 'एक बाहेर आहे, जूनमध्ये येईल.'

नमस्कार.