नेटवर्कची कोंडी आणि आपल्या खोऱ्यातली रेंज

श्रोतेहो, नमस्कार.

मोबाइलवर व्हिडिओ मध्येच अडकला की आपण "रेंज नाही" म्हणून मोकळे होतो. पुष्कळदा रेंज असते. वाटेत कोंडी झालेली असते. ही कोंडी फोडणाऱ्या संशोधनाबद्दल मला आज बोलायचंय.

२९ ऑक्टोबर १९६९ ला लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेकडे 'लॉगिन' हा शब्द पाठवायला घेतला. दोन अक्षरं पोचली आणि यंत्रणा कोलमडली. पुढे आर्पानेट, म्हणजे संगणकांना जोडणारं हे सुरुवातीचं जाळं, वाढलं, १ जानेवारी १९८३ ला त्याने टीसीपी-आयपीचे, म्हणजे संगणकांनी एकमेकांशी माहितीची देवाणघेवाण कशी करायची याचे नियम स्वीकारले. हे बहुतेक पुस्तकांत आहे.

मला मोलाचा वाटतो तो ऑक्टोबर १९८६. अमेरिकेतली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यात अंतर अवघं ४०० यार्ड. एरवी सेकंदाला ३२ हजार बिट नेणारी ती वाट एकाएकी ४० बिटांवर आली!

झालं होतं असं: माहिती छोट्या पाकिटांतून जाते आणि पाकीट मिळाल्याची पोच उलट येते. पोच आली नाही की संगणक तेच पाकीट पुन्हा धाडतो. वाट आधीच तुंबलेली, त्यात या जादा प्रती. मग पोच आणखी उशिरा, प्रती आणखी जास्त.

गळीत हंगामात कारखान्याच्या काट्यापुढची ट्रॅक्टरची रांग आपण सांगलीकर दरवर्षी बघतो. पण तिथे शेती विभाग तोडीची चिठ्ठी देतो, पाळी ठरवतो. इंटरनेटला असा शेती विभागच नाही. प्रत्येक संगणकाने आपणहून हात आखडायचा.

त्याच लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतले संशोधक व्हॅन जेकबसन यांनी १९८८ साली तोच मार्ग मांडला. एका पाकिटापासून सुरुवात करा, पोच येईल तसा वेग वाढवा, पाकीट हरवलं की झटकन उतरा. वरून हुकूम देणारं कुणी नसताना एवढं जाळं सांभाळलं जातं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

यात एक गृहीत आहे: पाकीट हरवलं म्हणजे गर्दी झाली. तारेवर ते बहुतांशी खरं. पाटण-जावळीच्या डोंगराआड मात्र पाकीट कमजोर सिग्नलमुळेही हरवू शकतं. संगणक गर्दी समजून थबकतो आणि मोकळी वाट वाया जाते. २०१६ मध्ये गूगलच्या संशोधकांनी बीबीआर ही पद्धत मांडली. ती हरवलेली पाकिटं मोजत बसत नाही, मिळणारा वेग आणि लागणारा वेळ बघते. पण जुन्या पद्धतीचे संगणक शेजारी असले की वाटणी दरवेळी समान होत नाही. कुणाच्या वाट्याला किती, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

सांगली-साताऱ्याच्या अभियांत्रिकीच्या मुलामुलींनो, यात तुम्हाला आजच हात घालता येईल. लॅपटॉपवर 'पिंग' लावा, म्हणजे दूरच्या संगणकाकडे छोटी पाकिटं धाडून पोच यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा; ती विश्रामबागेत लावा आणि कोयनाकाठच्या एखाद्या गावातही लावा, पहाटे आणि रात्री आठला. किती मिलिसेकंद लागले, किती पाकिटं हरवली, लिहून ठेवा. आधी वेळ वाढत गेला आणि मग पाकिटं गळाली, तर बहुधा गर्दी. वेळ तेवढाच राहून गळाली, तर सिग्नलकडे बघा. वर्षभराच्या अशा नोंदी आपल्या खोऱ्यांतून निघाल्या, तर नवी पद्धत बेतणाऱ्या कुणालाही त्या हव्याच असतील.

नमस्कार.