काट्यावरचा आकडा

(दृश्य : पहाट. फरशीवर अनवाणी पाय. वजनकाटा.)

उठल्यावर पहिलं काम हेच. लघवीला जाऊन यायचं आणि काही खाण्याआधी, रोजच्यासारख्याच कपड्यांत, काट्यावर उभं राहायचं. या काकांना हार्ट फेल्युअर आहे. नाव धडकी भरवणारं असलं तरी त्यांचं हृदय बंद पडलेलं नाही. शरीराला लागेल तेवढं रक्त ढकलायला ते कमी पडतं, आणि मग अंगात पाणी साचतं : घोट्यांत, पोटात, फुप्फुसांत. साचलेल्या पाण्याला वजन असतं. म्हणून पुष्कळदा सूज डोळ्यांना दिसण्याआधीच ती काट्याला कळते.

आकडा स्थिर झाला. काकांनी तो कुठेही लिहून घेतला नाही, काट्यानंच तो पाठवून दिला. आता दंडाला रक्तदाबाचा पट्टा, मग बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा.

(दृश्य : जुनं छायाचित्र. दोन्ही हात आणि एक पाय पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसलेला माणूस.)

हृदयाची खबर दूर धाडण्याची ही कल्पना मोबाइलपेक्षा कितीतरी जुनी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेदरलँड्समधल्या लायडन शहरात विलेम आइन्टहोव्हेन यांनी हृदयातली वीज नेमकी मोजणारं यंत्र उभं केलं. भांड्यांत आहे ते मिठाचं पाणी. त्यातून वीज तारेत उतरायची आणि पुढे एका अतिसूक्ष्म धाग्यात. तो धागा बनवण्याची तऱ्हाच निराळी : वितळलेला क्वार्ट्झ बाणाला चिकटवून बाण सोडायचा, मागे जो तंतू ओढला जाईल त्यावर चांदीचा मुलामा द्यायचा. दोन चुंबकांच्या मधोमध ताणलेला हा धागा हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला थरथरे, आणि त्याची सावली फोटोच्या काचेवर उमटे. आजही ईसीजीच्या लाटांना डॉक्टर पी, क्यू, आर, एस, टी म्हणतात. ती अक्षरं आइन्टहोव्हेन यांनीच दिलेली.

यंत्राचं वजन सुमारे २७० किलो, चालवायला ५ माणसं. ते रुग्णापर्यंत नेणं शक्यच नव्हतं. म्हणून १९०५ साली त्यांनी रुग्णालयापासून दीड किलोमीटरवरच्या आपल्या प्रयोगशाळेपर्यंत टेलिफोनच्या तारेतून रुग्णाच्या हृदयाचे ठोके आणले. रुग्ण एकीकडे, वाचणारा दुसरीकडे. काकांच्या खोलीत आत्ता जे चाललंय, त्याचा आरंभ त्या तारेत आहे. आइन्टहोव्हेन यांना १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

(दृश्य : पाठीवर अवजड पेटी घेतलेला माणूस.)

पुढे अमेरिकेतल्या नॉर्मन होल्टर यांनी हे काम पाठीवर आणलं. त्यांच्या पहिल्या पेटीचं वजन ३८ किलोंच्या आसपास. दिवसभर अंगावर वागवायचा जो छोटा ईसीजी रेकॉर्डर असतो, त्याला 'होल्टर' म्हणतात ते त्यांच्यावरूनच.

(दृश्य : अंधारी खोली. मनगटाखाली लुकलुकणारा हिरवा उजेड.)

आणि हे मनगटावर. उजेड हिरवाच का? कारण रक्त हिरवा प्रकाश चांगला शोषतं. ठोका पडला की मनगटात रक्त वाढतं आणि परत येणारा उजेड कमी होतो. दोन ठोक्यांच्या मधे तो पुन्हा वाढतो. घड्याळ हा चढउतार मोजतं आणि दोन ठोक्यांमधलं अंतर वेडंवाकडं तर पडत नाही ना, हे पाहतं. अशा घड्याळावरच्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात ४ लाख १९ हजारांहून अधिक लोक होते. अनियमित नाडीची सूचना गेली ती त्यांतल्या जेमतेम अर्ध्या टक्क्याला. सूचनेनंतर ज्यांनी छातीवर ईसीजीची पट्टी लावून ती तपासणीसाठी परत पाठवली, त्यांच्यापैकी ३४ टक्क्यांमध्ये एट्रियल फिब्रिलेशन सापडलं. म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात. हा दोष येतो-जातो, म्हणून नंतर लावलेल्या पट्टीला तो दिसला नाही तरी तो नव्हताच, असं म्हणता येत नाही. थरथरत्या कप्प्यात रक्ताची गुठळी होऊ शकते, ती मेंदूत गेली की पक्षाघात.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी : या घड्याळाला हार्ट अटॅक ओळखता येत नाही. छातीत दुखत असेल तर ते पाहत बसू नका, लगेच रुग्णवाहिका बोलवा.

(दृश्य : पलंगावर सपाट उशी. तिच्यावर आडव्या झालेल्या बाई.)

ही उशी साधी नाही, हिच्या आत अँटेना आहे. हार्ट फेल्युअर असलेल्या या बाईंच्या फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीत पेपर क्लिपसारखा छोटा सेन्सर बसवलाय, मांडीच्या शिरेतून नळी घालून. त्यात बॅटरी नाही. उशीतून लहरी गेल्या की तो जागा होतो, धमनीतला दाब सांगतो आणि पुन्हा गप्प. दम लागायच्या बरेच दिवस आधी हा दाब चढू लागतो. काट्याच्याही आधी मिळणारी ही खबर.

(दृश्य : संगणकाच्या पडद्यांनी भरलेली खोली. एक परिचारिका.)

पण खबर पोचते ती इथे, आणि आमच्या मते सगळ्यात मोलाची जागा हीच. अमेरिकेत १,६५३ रुग्णांवर एक प्रयोग झाला होता. त्यांतल्या निम्म्यांनी रोज फोन लावायचा, ध्वनिमुद्रित प्रश्नांना बटणं दाबून उत्तरं द्यायची; बाकीच्यांना नेहमीचे उपचार. ती उत्तरं डॉक्टर-परिचारिका कामाच्या दिवशी पाहत. २०१० साली निष्कर्ष आले : पुन्हा भरती होणं किंवा मृत्यू, दोन गटांत कशातच फरक नाही. फोनच्या गटातल्या दर ७ जणांतल्या एकानं तर एकदाही फोन लावला नव्हता. २०१८ साली जर्मनीतल्या दीड हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. तिथे वजन, रक्तदाब, ईसीजी, ऑक्सिजन रोज आपोआप जाई, आणि दुसऱ्या टोकाला डॉक्टर आणि परिचारिका चोवीस तास बसलेले. तिथे नेहमीच्या उपचारांत दर १०० रुग्णांमागे वर्षाला ११.३ मृत्यू, या पद्धतीत ७.९. दोन अभ्यासांत इतरही फरक होते. आम्हाला मोठा वाटतो तो हा, की रात्रीबेरात्रीही आकडा वाचणारं कुणीतरी जागं होतं.

काकांच्या नावापुढे पिवळी खूण आली आहे. ३ दिवसांत २ किलो.

"काका, पायांवर सूज वाटते का?"

"मोज्यांचे वळ उठतायत."

"रात्री उशा किती घेता?"

"दोनच. काल मात्र तिसरी लागली."

"सपाट झोपलं की धाप लागते?"

"हो, थोडी."

"डॉक्टरांशी बोलते आणि लगेच फोन करते. जवळच राहा."

लघवीच्या गोळीचा डोस वाढवला, दोन दिवसांनी रक्त तपासलं. दवाखान्यात भरती व्हावं लागलं नाही.

(दृश्य : पाचव्या दिवसाची पहाट. अनवाणी पाय. वजनकाटा.)

आकडा खाली आलाय. मागे पलंग दिसतोय. उशा दोनच आहेत.