टाळ्या तेराला वाजवा

अध्यक्ष महाराज, मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘आंतरराष्ट्रीय जैवविविधता प्रकल्प : पुरावा आणि शिकवण’. एवढं वाचूनही तुम्ही आलात, म्हणजे विषयाची आवड असेल किंवा नंतरच्या चहाची. दोन्ही चालेल. पण आधी गिधाडं.

राजस्थानातल्या भरतपूर अभयारण्यातली गिधाडं 1990च्या दशकात कशी संपत गेली ते तुम्हाला ठाऊक आहे. संशय होता साथीच्या रोगावर. पाकिस्तानातल्या पंजाबात अमेरिकी पशुवैद्यक लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी मेलेली गिधाडं उघडली, तर आतल्या अवयवांवर खडू फासल्यासारखा पांढरा थर. युरिक आम्ल, म्हणजे मूत्रपिंडं बंद पडलेली. जंतू काही सापडेनात. मग त्यांनी प्रश्न फिरवला : मूत्रपिंडाला घातक आणि गुरांना सर्रास टोचलं जातं असं काय आहे? डायक्लोफेनॅक, सूज-वेदनेवरचं औषध. गुरं मेली की मांसातून ते गिधाडांच्या पोटात. थर असलेली 25 गिधाडं तपासली, पंचवीसही जणांत औषध. थर नसलेली 13 तपासली, एकातही नाही.

लोक पंचवीसला टाळ्या वाजवतात. माझ्या मते टाळ्या तेराला हव्यात. औषध सगळ्याच गिधाडांत सापडलं असतं तर त्या पंचवीसला काय अर्थ उरला असता? गिधाडं पाणीही पितात, म्हणून कोणी पाण्यावर बंदी घालत नाही. (हसू नका, असले अहवाल निघतात.)

हे 2004 साली छापून आलं. 2006 मध्ये भारत, पाकिस्तान, नेपाळ तिघांनी जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक बंद केलं. त्याऐवजी गुरांना देता येणारं मेलॉक्सिकॅम गिधाडांना चालतं हेही तपासून झालं होतं. इथे बहुतेक प्रकल्प ‘आदेश निघाला, उद्दिष्ट साध्य’ लिहून फाइल बांधतात. गिधाडांवर काम करणाऱ्यांनी ती बांधली नाही. भारतात ढोरं टाकतात तिथे जाऊन मेलेल्या गाई-म्हशींच्या यकृताचे तुकडे प्रयोगशाळेत पाठवत राहिले. 2004-05 मध्ये साधारण 10 टक्के नमुन्यांत डायक्लोफेनॅक होतं, 2007-08 मध्ये साडेसहा. कमी झालं, पण पुरेसं नाही. कारण शेकड्यात एकापेक्षाही कमी ढोरं विषारी असली तरी गिधाडं संपतात, असा हिशेब आधीच झाला होता.

मग बाटली येते कुठून? दुकानात ‘डायक्लोफेनॅक आहे का’ विचारलं तर ‘छे, बंद झालं’ हेच ऐकू येणार. म्हणून गुरं पाळणारा बनून जायचं, गाईला सूज आहे म्हणायचं, आणि दुकानदार काय हातात ठेवतो ते पाहायचं. तो ठेवायचा माणसांसाठीची 30 मिलीची बाटली. 2015 मध्ये सरकारनं ती 3 मिलीची केली. म्हशीच्या एका डोसाला अशा किती कुप्या फोडाल? वैताग येतो, आणि तोच हवा होता. पुढे कळलं की अॅसेक्लोफेनॅक हे त्याच जातीचं औषध गाईच्या अंगात जाऊन डायक्लोफेनॅकच होतं. भारतात तेही बंद झालं, किटोप्रोफेन या आणखी एका वेदनाशामकासकट, पण थेट 2023 मध्ये.

आणि माझं जुनं दुखणं : हे सगळं जगजाहीर असताना 2013 मध्ये स्पेननं जनावरांसाठी डायक्लोफेनॅक मंजूर केलं! युरोपातली बहुतेक गिधाडं त्याच देशात. 2020 मध्ये तिथे एक काळं गिधाड याच औषधानं मेलेलं सापडलं. आपल्या ढोरांची यकृतं बहुधा तिथे कुणी वाचली नव्हती.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय. मूळ विषय दोन मिनिटांत.

युगांडा. जंगल तोडू नका, हेक्टरमागे वर्षाला पैसे देतो, अशी योजना. 121 गावं, चिठ्ठ्या टाकून 60 गावांत योजना, 61 तशीच. मोजणी उपग्रहावरून, म्हणजे गावकऱ्यांच्या शब्दावर काही नाही. दोन वर्षांत योजनेच्या गावांतलं झाडांचं आच्छादन 4.2 टक्क्यांनी घटलं. नुसतं एवढंच पाहिलं असतं तर योजना फसली म्हणून गुंडाळली असती. पण उरलेल्या गावांत घट होती 9.1 टक्के. ती 61 गावं म्हणजेच आपली तेरा गिधाडं.

तेव्हा तुलनेची गावं पहिल्या दिवशी ठरवा. शेवटच्या वर्षी शोधायला निघालात तर आपल्याला सोयीची तेवढीच सापडतात. देणगीदार विचारतील, जिथे काम नाही तिथे मोजणीचा खर्च कशाला? तेव्हा त्यांना 9.1 दाखवा. बाकीचं चहाच्या वेळी बोलू, अध्यक्ष उभे राहिलेत.