एकास बारा

दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या अमेरिकन सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारनं उचलला. पण व्हीलचेअरवरचा सैनिक वर्गात पोचणार कसा? दाराशीच पायऱ्या! १९४८ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या गेल्सबर्ग शाखेत टिमोथी न्यूजेंट यांनी अशा विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम सुरू केला. तेव्हा ते पंचविशीत होते. शाखा भरायची लष्कराच्या जुन्या इस्पितळात. पुढच्याच वर्षी ती बंद पडली. विद्यार्थ्यांनी राज्याची राजधानी स्प्रिंगफील्ड गाठली, निदर्शनं केली, तेव्हा कुठे अर्बाना-शॅम्पेनच्या मुख्य आवारात त्यांना घेतलं. तेही प्रयोग म्हणून.

तिथे उतार बांधले गेले, लिफ्ट बसवलेल्या बस धावू लागल्या. व्हीलचेअर बास्केटबॉलची राष्ट्रीय संघटनाही न्यूजेंट यांनीच उभी केली.

पण त्यांचा हात सर्वांत दूरवर पोचला तो १९६१ च्या ए११७.१ या मानकातून. अपंगांना इमारती वापरता याव्यात, यासाठीचं हे अमेरिकन मानक. त्यामागचं संशोधन त्यांनी चालवलं. जेमतेम सहा पानं, पण त्यात ‘शक्य तेवढी सोय करावी’ असली मोघम भाषा नाही, थेट मापं आहेत. एक फूट चढायला किमान बारा फूट उतार. दार उघडल्यावर ३२ इंच मोकळी जागा. ही चौकटीची रुंदी नव्हे; ३२ इंची चौकटीत उघड्या पल्ल्याची जाडी वजा झाली की खुर्ची अडलीच. उताराच्या माथ्यावरचं दार बाहेर उघडत असेल, तर समोर पाच फूट बाय पाच फूट सपाट जागा. ती नसेल तर? एक हात दार ओढण्यात गुंततो, दुसऱ्या हातात एकच चाक राहतं आणि खुर्ची तिरकी होऊन मागे घसरते.

आपल्याकडच्या नियमांतही कमाल उतार एकास बाराच. तीन पायऱ्या म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटर; त्याला ५.४ मीटर लांबी लागते. जागा दोनच मीटर असते, तेवढ्यातच काँक्रीट ओततात. ती निव्वळ घसरगुंडी.

१९६१ चं मानक ऐच्छिक होतं. सरकारी पैशांतून उभ्या राहणाऱ्या इमारतींना कायद्याचं बंधन आलं १९६८ मध्ये.

न्यूजेंट मात्र कडक. खुर्ची स्वतःच ढकलायची, हा दंडक. त्यामुळे मदतनीसाशिवाय ज्यांचं भागत नाही, असे विद्यार्थी बाहेरच राहिले. त्यांच्यासाठी आवारात वसतिगृह व्हायला तीन दशकं उलटून गेली.