रोज वाळायलाच हवा असा पिंजरा

(दृश्य: पानाच्या टोकाला लोंबणारा थेंब, अगदी जवळून. मागे धूसर हिरवं.)

या थेंबावर एक डोळा आधीच खिळलाय. दुसरा अजून मागच्या फांदीवर फिरतोय. मग दोन्ही डोळे थेंबावर येतात, मान पुढे सरकते आणि जीभ बाहेर येते. किड्यावर सुटते तशी नाही, सावकाश. थेंब टिपला की डोकं थोडं वर जातं आणि जबडा चावल्यासारखा हलत राहतो. पाणी पोटात जाईपर्यंत हे असंच चालतं.

शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा, वाटीत साचलेल्या पाण्याकडे सहसा फिरकत नाही. पाणी हललं, चमकलं, पानावरून घरंगळलं की त्याचं तिकडे लक्ष जातं. त्यामुळे याला पाळणाऱ्याचं पाण्याचं सगळं काम पानांवर आणि हवेत चालतं. पानावरचे थेंब दिसतात. हवेतला ओलावा दिसत नाही, आणि चुकतं ते तिथेच.

(दृश्य: व्हेल्ड शॅमेलिऑन, फांदीवर डुलत पुढे येणारा. डोक्यावरचा उंच तुरा.)

हा व्हेल्ड शॅमेलिऑन. येमेन आणि सौदी अरेबियाचा नैर्ऋत्य भाग हे याचं मूळ घर. नकाशात तो भाग कोरडाठाक वाटतो, पण हा राहतो तिथल्या डोंगरउतारांवर आणि झाडी असलेल्या दऱ्यांत. दिवसा ऊन आणि कोरडी हवा, रात्री गारवा आणि दमटपणा. हे दोन्ही याच्या वाट्याला रोज येतं. पिंजऱ्यात त्याला एकच काहीतरी मिळतं. कुणी हवा कायम कोरडी ठेवतं, तर कुणी काळजीपोटी दिवसभर फवारत राहतं.

(दृश्य: आर्द्रतामापकाचा पडदा. आकडा ५० वरून हळूहळू वर सरकतो. वेग वाढवलेलं चित्रण.)

हा आकडा चढतोय, पण या वेळात पिंजऱ्यात कुणी पाणी मारलेलं नाही. फक्त दिवे बंद झालेत. ३० अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावतं. २० अंशांना मावतं फक्त १७ ग्रॅमच्या आसपास. दुपारी त्या हवेत १५ ग्रॅम बाष्प असेल तर मापक ५० टक्के दाखवेल. तेवढंच बाष्प असलेली हवा रात्री २० अंशांवर आली की तोच मापक ८८ टक्क्यांच्या जवळ जातो. अर्धं काम गारवाच करून देतो. म्हणून रात्री पिंजऱ्यात उष्णतेचा दिवा चालू ठेवून वर फवारे मारत बसणं म्हणजे एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेणं. निरोगी, वाढलेल्या व्हेल्डला घरातला रात्रीचा साधा गारवा चालतो, तो त्याला मिळायलाच हवा.

पण हा आकडा खरा कशावरून? स्वस्त काट्याचे मापक बरेचदा चुकतात, डिजिटलही चुकू शकतात. तपासायची पद्धत सोपी आहे.

(दृश्य: बाटलीचं झाकण, त्यात मीठ. ड्रॉपरने पाणी. झाकण आणि मापक एका पारदर्शक डब्यात.)

बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्यायचं. त्यावर थोडंसं पाणी. मीठ विरघळता कामा नये, नुसतं चिंब व्हावं. हे झाकण आणि मापक एका हवाबंद डब्यात शेजारी ठेवायचे आणि रात्रभर हात लावायचा नाही. ओल्या मिठावरची बंद हवा खोलीच्या तापमानाला ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मापक ८१ दाखवत असेल तर तो त्या पातळीला ६ ने पुढे आहे, हे पक्कं. एवढं केल्याशिवाय पिंजऱ्याबद्दल कुठलाही निष्कर्ष काढू नये, असं मला मनापासून वाटतं. मग मापक लावायचा तो प्राणी झोपतो त्या फांदीच्या उंचीवर. फवारा सोडणाऱ्या नोझलच्या तोंडाशी नको, दिव्याखाली नको. दुसरा मापक खाली असेल तर उत्तमच, कारण वरची आणि खालची हवा सारखी नसते.

(दृश्य: पहाटे, दिवे लागण्याआधी. नोझलमधून बारीक फवारा. पानांवर थेंब जमत जातात.)

आता पहाटेची फवारणी. दिवे लागण्याआधी दोन-तीन मिनिटं, फवारा बारीक, आणि रोख पानांवर, प्राण्याच्या तोंडावर नाही. मनी प्लांट, शेफलेरा, जास्वंद ही झाडं इथे शोभेची म्हणून ठेवलेली नाहीत. त्यांच्या पानांवर पाणी थांबतं, आणि दिवसभर ती स्वतःही हवेत बाष्प सोडत असतात.

हा डोळा बघा. ओलावा मिळाला की शॅमेलिऑन कधीकधी डोळा फुगवून बाहेर काढतो, गरागर फिरवतो आणि आत अडकलेली धूळ धुऊन टाकतो. त्याला ते पूर्ण करू द्यायचं. फवारा मध्येच बंद पडला तर ते अर्धवट राहू शकतं.

मग दिवे लागतात, आणि माझ्या मते दिवसातला सगळ्यात महत्त्वाचा भाग सुरू होतो. पिंजरा वाळू लागतो.

(दृश्य: त्याच पानांवरचे थेंब आटताना. वेग वाढवलेला. जाळीतून वर जाणारा धुक्याचा धागा.)

दिव्याखाली तापलेली हवा वरच्या जाळीतून निघून जाते आणि खालून नवी हवा आत ओढली जाते. काचेच्या पिंजऱ्यात हे घडायला खाली समोरच्या बाजूला झरोका लागतो आणि वर जाळी. खालचा झरोका नसेल तर हवा कोंडते. चारही बाजूंनी जाळी असलेल्या पिंजऱ्यात अडचण उलटी असते, ओलावा टिकतच नाही. खोलीची हवा फार कोरडी असेल तर तीन बाजूंना प्लास्टिकचा कागद लावायचा आणि समोरची बाजू व छत मोकळं सोडायचं. दुपारपर्यंत पानं कोरडी दिसायला हवीत. व्हेल्डसाठी दिवसा ३० ते ५० टक्के पुरतात. मादागास्करच्या किनारपट्टीतल्या पँथर शॅमेलिऑनला थोडा जास्त ओलावा लागतो, पण वाळणं त्यालाही चुकत नाही.

दिवसभर उबदार, दमट आणि कोंडलेली हवा राहिली की श्वसनमार्गाचा संसर्ग होऊ शकतो. कायम कोरडं राहिलं की डोळे खोल जातात आणि विष्ठेबरोबरचा पांढरा भाग गडद पिवळा किंवा केशरी पडतो. यातलं काहीही दिसलं की सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे जायचं.

(दृश्य: कात टाकणारा शॅमेलिऑन. पांढरे पापुद्रे सुटताना. पाय फांदीवर घासतो.)

सापाची कात अखंड उतरते, शॅमेलिऑनची तुकड्यातुकड्यांनी. रात्रीचा ओलावा नीट असेल तर हे पापुद्रे बहुधा भराभर सुटतात. राहिलेच तर बोटांवर किंवा शेपटीच्या टोकाला. ते हाताने ओढून काढायचे नाहीत.

(दृश्य: रात्र. फॉगरच्या, म्हणजे धुकं करणाऱ्या यंत्राच्या, नळीतून उतरणारं धुकं पानांमधून खाली वाहतं.)

आता धुकं. ते मध्यरात्रीनंतर सोडायचं, थांबत थांबत, पहाटेपर्यंत, आणि पिंजऱ्यातलं तापमान २० अंशांच्या आसपास किंवा त्याखाली उतरलं असेल तरच. कोरड्या हवेत झोपलेला प्राणी प्रत्येक श्वासाबरोबर पाणी गमावतो, दमट हवेत ते नुकसान कमी होतं. दिवसा, दिवे चालू असताना फॉगर लावणं दिसायला सुंदर असतं. आमच्याकडेही तशी दृश्यं आहेत, ती मुद्दाम वापरलेली नाहीत.

फॉगरच्या आत एक लहान चकती अतिवेगाने कंप पावते आणि पाण्याचे कण उडवते. पाण्यात जे असेल तेही त्यांच्याबरोबर उडतं, क्षारही आणि जंतूही. म्हणून पाणी डिस्टिल्ड किंवा आरओचं घ्यायचं आणि टाकीतलं उरलेलं रोज ओतून द्यायचं. खाली साचणाऱ्या पाण्याला पिंजऱ्याबाहेर वाट द्यायची, नाहीतर कितीही वेळापत्रक पाळा, तळ कधीच वाळत नाही. आठवड्यातून एकदा टाकी आणि नळी निर्जंतुक करून स्वच्छ धुवायची, उघडी ठेवून पूर्ण कोरडी करायची आणि मगच पुन्हा जोडायची.